तिसरी फेरी

ओटाकर येतो तो बुटांची खोकी काखेत मारून.
खोक्यांत अंड्यांचे पुठ्ठे, पुठ्ठ्यांच्या खळग्यांत व्हॉल्व्ह,
एकेक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
सोडवताना आम्ही आधी बातम्या वाचतो:
ऊस नाही, बीट; त्याचं विक्रमी पीक,
आणि एका मंत्र्याचं स्मित, काचेच्या आकाराला चुरगळलेलं.

छापाला बोट लावायचं नाही.
साठ वर्षं टिकलेली सोनेरी अक्षरं
एका ओलसर अंगठ्यानं जातात,
आणि नाव गेलं की किंमत अर्धी.
हे माणसांनाही लागू आहे, असं व्लास्तिमिल दर गुरुवारी म्हणतो.
आम्ही दर गुरुवारी हसत नाही.

आज एकाच्या डोक्यावरची चांदी
दुधासारखी पांढरी पडलेली निघाली.
म्हणजे कुठून तरी हवा शिरली.
ओटाकरनं तो उजेडात धरला, पुन्हा गुंडाळला,
खोक्यात नाही, कोटाच्या खिशात ठेवला.
खरं तर आम्ही काचेचे पैसे मोजतच नाही;
मोजतो ते आतल्या काहीच-नसण्याचे,
एका जुन्या मंगळवारी रोझनोवच्या कारखान्यात
पंपानं ओढून बंद केलेल्या रिकामपणाचे.
तो निसटला की उरते ती काच.

बाहेर बेच्वा गोठलेली. रेडिएटर खोकतो.
बटण दाबल्यावर चाळीस सेकंद काही होत नाही.
मग तळाशी नारिंगी ठिपका,
वाऱ्यात कुणी ओंजळीआड काडी पेटवावी तसा.
तेवढा वेळ कुणी बोलत नाही.
देवळात इतकं शांत नसतं,
तिथं लोक नाक शिंकरतात.

मध्ये पडदा म्हणून टेबलक्लॉथ.
पडद्यामागे द्राहोमीरा, व्लास्तिमिलची बायको, एक्याऐंशी वर्षांची,
हातात भट्टीचा मोजा.
आमच्या चौघांत तिचाच हात थरथरत नाही.

पहिली फेरी. ओटाकर लिहितो: चेलो वीतभर पुढं आला.
मी लिहितो: चेलो तिथंच, खुर्ची हलली.
दुसरी. व्लास्तिमिल: कोरडा. शाळामास्तरी.
तिसरी. व्लास्तिमिलचं अर्धं पान भरतं:
धुकं निवळलं. वादकाचा श्वास. लाकडाचं वय कळतं.
खाली दोन रेघा.

‘तिसऱ्यांदा मी बदललाच नाही,’ पडदा म्हणाला.
‘तापला होता. आणि बटाट्यांकडे बघायचं होतं.’

रेडिएटर खोकला. ओटाकरनं पेन्सिलीला टोक काढलं,
जे आधीच होतं.

मग ती बाहेर आली, चष्मा चढवला,
मोज्यातला व्हॉल्व्ह दिव्याखाली फिरवला
आणि आमच्यापैकी कुणीच कधी बघत नाही तिथं बघितलं:
आत, जाळीच्या दांडीवर, डाळीच्या कणाएवढ्या सांध्याकडे.

‘ही यार्मिला,’ ती म्हणाली.
‘डावरी होती. यंत्रं सगळी उजव्यांची.
तिचा डाग नेहमी असा कलायचा.
फोरमन ओरडायचा, तपासणीत मात्र पास.
आम्ही पावडर लावायची नाही, मोहरंगी लोकर घालायची नाही,
घामट हातांच्या मुलींना दुसऱ्या खात्यात धाडायचे.
आठ तास भिंग, चिमटा, केसाहून बारीक तार.
घरी आलं की सुईत दोरासुद्धा ओवावासा वाटायचा नाही.’

‘मग वाजतं कसं तिचं?’ तिनं विचारलं.
सहज. पाव कसा झालाय, असं विचारावं तसं.

आम्ही वहीकडे बघितलं.
वही तिनंच ओढून घेतली, बोट ठेवून वाचलं.
दुसरी फेरी: कोरडा. शाळामास्तरी.
तिसरी: धुकं निवळलं.
तोच व्हॉल्व्ह, तीच तबकडी, मध्ये फार तर सहा मिनिटं.

‘अशीच होती ती,’ द्राहोमीरा म्हणाली,
‘पहिल्यांदा कुणालाच आवडायची नाही.’

ओटाकरनं खिशातला पांढरा पडलेला काढून
न बोलता तिच्यापुढे धरला.
तिनं तो बराच वेळ फिरवला.
‘हा कुणाचा, नाही सांगता येत,’ म्हणाली,
आणि परत दिला नाही.

बटाटे करपले होते.
मीठ जास्त घालून खाल्ले.